आधी दारी जा

नाताळच्या आधी आमच्या मंडळीत कॅरलची यादी निघते. कुठल्या रात्री कुठली गल्ली, कुणाकडे चहा, कुणाकडे फराळ, सगळं त्यात असतं. बऱ्याच वर्षांपूर्वी मी मंडळीचा सेक्रेटरी होतो आणि यादी माझ्या हातची असायची. त्या वर्षी एका घराचं नाव मी लिहिलं नाही.

खोडलं नव्हतं. खोडलं असतं तर कुणी विचारलं असतं. लिहिलंच नाही.

त्या घरच्या मुलाने पंच कमिटीकडे लेखी अर्ज केला होता. चर्चच्या छपराच्या दुरुस्तीचा हिशोब सगळ्यांपुढे ठेवा, असा. अर्जाची भाषा तिखट होती. शेवटच्या ओळीत माझं नाव होतं. मला ते झोंबलं.

कॅरल त्या गल्लीत गेलं. ढोलकी, खंजिरी, पोरांचा गलका. अलीकडच्या घरी थांबलं, पलीकडच्या घरी थांबलं. मधल्या घरी त्या मुलाची आई होती. तिला सगळी मंडळी मावशी म्हणायची. तिने चाळीस माणसांच्या चहाचं आधण ठेवलं होतं. करंज्यांची परात फडक्याने झाकून ओट्यावर आणून ठेवली होती.

दोन दिवसांनी भाजीबाजारात ती समोर आली. रागावली नाही. म्हणाली, "आंधारात घर घावलं नसंल म्हणलं. म्हणून रातभर लाईट चालूच ठिवली."

दोन घरांच्या मधलं घर सापडलं नाही, असं कधी होतं का? तिला सगळं कळलं होतं. मला तोंड लपवायला तिने जागा करून दिली, इतकंच.

हे आधीच सांगितलं, कारण पुढे मी तुम्हाला हे करा, ते करू नका असं बरंच म्हणणार आहे. त्यातल्या बहुतेक गोष्टींत मी स्वतः चुकलेलो आहे.

दरवर्षी १८ ते २५ जानेवारी आपण ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह पाळतो. ही प्रथा १९०८ पासूनची. १९६८ पासून तर त्या आठवड्याच्या प्रार्थना कॅथलिक आणि इतर मंडळ्या मिळून तयार करतात. चांगलंच आहे. एका व्यासपीठावर फादर बसतात, पाळकसाहेब बसतात, कधी बिशपसाहेबही येतात. शेवटी चहा-बिस्किटं होतात. पण ते आठच दिवस. मला बोलायचंय ते उरलेल्या तीनशे सत्तावन्न दिवसांबद्दल.

मंडळी कशावरून फुटते, ते मी जवळून पाहिलं आहे. त्रैक्यावरून फुटलेली मी तरी पाहिली नाही. पेटी कोण वाजवणार, यावरून फुटते. सहभोजनाच्या पंगतीत कुणाच्या सुनेला आधी वाढलं, यावरून फुटते. पाळकसाहेब एकाच्या बारशाला गेले आणि दुसऱ्याच्या दवाखान्यात गेले नाहीत, यावरून फुटते. मोठी कारणं मागाहून शोधली जातात.

म्हणून पहिली गोष्ट. कुणाचं काही लागलं, तर आधी त्याच्या दारी जा.

याची रीत प्रभूनेच घालून दिली आहे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे, आज काढून वाचा. आधी एकट्याने जायचं. ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर घ्यायचं. तरी नाही, तर मंडळीपुढे. आपण नेमकं उलटं करतो. आधी गावभर सांगतो, मग पंचांना, मग वर अर्ज, मग कोर्ट. ज्याच्याबद्दल सगळं चाललंय, त्याला सगळ्यात शेवटी कळतं. तेही तिसऱ्याच्या तोंडून, तिखटमीठ लावून.

जायचं कसं, तेही सांगतो. हे कुणी शिकवत नाही.

फोन करून विषय सांगू नका. "जरा येतोय" एवढं पुरे. जेवणाच्या वेळी जाऊ नका. संध्याकाळी दिवेलागणीला बरं. एकटेच जा. भावाला नेलंत तर भांडायला आलात असं वाटेल. पुढे आलेला चहा नाकारू नका. गुळाचा असला तरी घ्या, डायबेटिस असला तर अर्धा कप घ्या. विषय पहिल्या पाच मिनिटांत काढू नका, पण काढल्याशिवाय उठूही नका. बरीच माणसं गप्पा मारून परत येतात आणि घरी म्हणतात, "जाऊन आलो बुवा." ते जाणं नव्हे.

एकच गोष्ट बोला. आत्ता लागलेली. २००४ सालची नको. "तुम्ही लोक नेहमीच" अशी सुरुवात केलीत की समोरचा दार लावून घेतो, बसल्या जागी. "मला त्या दिवशी असं असं लागलं" म्हणा. मग गप्प बसा. गप्प बसणं अवघड असतं, पण त्याला बोलू द्या. अर्ध्या वेळा तुमच्याकडची गोष्टच अर्धी निघते.

मोबाइलबद्दल दोन शब्द. मंडळीचा व्हॉट्सॲप ग्रुप उपासनेची वेळ, आजारी माणूस, वाढदिवस आणि मयताची बातमी यांसाठी ठेवा. तक्रार तिथे टाकू नका. रात्री दहानंतर तर काहीच टाकू नका. रात्री लिहिलेलं सकाळी पुसता येतं, पण तोवर तीस जणांनी त्याचा फोटो काढून ठेवलेला असतो. आणि ज्याने तो मेसेज वाचला पण उत्तर दिलं नाही, तोही तुमच्या वैऱ्यांच्या यादीत जातो. निळ्या खुणा मोजत बसणाऱ्या माणसाला झोप कशी यायची?

कुणी तुमच्या कानाशी येऊन म्हणालं, "माझं नाव सांगू नका, पण," तर तिथेच थांबवा. करिंथच्या मंडळीत तट पडले होते. कुणी पौलाचा, कुणी अपुल्लोसाचा, कुणी केफाचा. ती बातमी पौलाला कळली आणि त्याने पत्र लिहिलं. पत्रात त्याने "असं कानावर आलं" म्हणून भागवलं नाही. ख्लोवेच्या घरच्या माणसांनी सांगितलं, असं सरळ नाव घालून लिहिलं. मला हे फार आवडतं. ज्याला आपलं नाव लावायची तयारी नाही, त्याची बातमी पुढे नेऊ नका.

आता पैशाचं. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण तिथेच जास्त दुखतं.

हिशोब मागणारा माणूस मंडळीचा शत्रू नसतो. हे पंचांनी भिंतीवर लिहून ठेवावं. प्रेषितांच्या कृत्यांतला सहावा अध्याय बघा. यरुशलेमच्या पहिल्याच मंडळीत कुरकुर झाली. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं, अशी. बारा प्रेषित काय म्हणाले असतील असं तुम्हाला वाटतं? "ही कुरकुर म्हणजे विश्वासाची कमतरता"? तसं ते म्हणाले नाहीत. वाटपासाठी सात माणसं निवडायला लावली. त्या सातांची नावं वाचा. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, अशी सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार, त्यांच्याच भाषेच्या माणसांच्या हाती पळी दिली.

तुम्ही पंच असाल तर एवढं करा. तीन महिन्यांनी जमाखर्च वाचून दाखवा. घाईघाईत, आशीर्वादाच्या आधी नव्हे, सावकाश. अर्पण मोजायला दोन माणसं बसवा, दोन वेगवेगळ्या घरची. बिलांची फाईल उपासनेनंतर टेबलावर ठेवा. ज्याला बघायचीय त्याला बघू द्या. पहिल्या वेळी दहाजण येतील, दुसऱ्या वेळी दोन, मग कुणी येणार नाही. फाईल तरीही ठेवा.

आणि तुम्ही अर्ज करणारे असाल, तर अर्ज लिहून एक रात्र उशाखाली ठेवा. सकाळी त्यातली विशेषणं काढा. आकडे राहू द्या.

मावशीच्या मुलाच्या अर्जाचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. नंतर आम्ही फाईल काढली. पत्र्यांचं एक बिल खरंच नव्हतं. पैसे कुणी खाल्ले नव्हते. दुकानदाराने कच्ची पावती दिली होती आणि ती हरवली होती, माझ्याकडून. तेव्हाच नीट सांगितलं असतं तर दहा मिनिटांत मिटलं असतं. मी मात्र ते "सेवकांवर बोट" वगैरे मोठ्या शब्दांत गुंडाळून बसलो.

एक सावधगिरीची गोष्ट इथेच सांगतो. "ऐक्य राखा" हे वाक्य काही वेळा वाईट कामाला वापरलं जातं. मंडळीत एखाद्या लेकराला, बाईला कुणी त्रास दिला, हात लावला, तर तिथे "आधी एकट्याने दारी जा" लागू नाही. त्या लेकराला किंवा त्या बाईला तर मुळीच पाठवू नका. सरळ पोलिसांकडे जा, आणि बरोबर चार माणसं न्या. मंडळीची अब्रू जाते म्हणून जो गप्प बसायला सांगेल, त्याचं ऐकू नका, मग तो कितीही मोठा असो. पैशाची खरीखुरी लूट झाली असेल तरी झाकपाक नको.

बाकी भांडणं मात्र कोर्टात नेऊ नका. गेलेल्यांना विचारा. खटला लागला की तारखा पडतात. दोन गट होतात. एका गटाचं कुलूप, दुसऱ्याची किल्ली. उपासना कुठे फाटकाबाहेर, कुठे कुणाच्या अंगणात. वकिलाची फी अर्पणातूनच जाते. या सगळ्यात वाढलेली पोरं मोठी होऊन चर्चला येतच नाहीत. त्यांना चर्च म्हटलं की पोलीस आठवतात.

याचे चटके घरात कसे बसतात, तेही बघा. मुलीचं लग्न ठरतं. तीन रविवार सूचना कुठल्या गटात वाचायची? लावणारे पाळक कोण? ख्रिस्ती विवाहाचा १८७२ चा कायदा आहे. लग्न लावणाऱ्याला तसा अधिकार असावा लागतो आणि नोंद नीट व्हावी लागते. फुटलेल्या मंडळीत ज्याच्या हाती रजिस्टर, त्याच्या मागे धावावं लागतं. पुढे पासपोर्टला, व्हिसाला कागद मागतात तेव्हा मुलगी रडते. म्हणून गट कुठलाही असो, लग्नाआधी दोन गोष्टी डोळ्यांनी बघा: लावणाऱ्याचा अधिकार आणि नोंदीचं रजिस्टर.

आणि माती. हे बोलायला कुणाला आवडत नाही. आज कितीतरी घरं जुन्या मंडळीतून नव्या प्रार्थना भवनात जातात. तिथे गाणी छान असतात, आजाऱ्यासाठी रात्रभर प्रार्थना होते, माणसं मनापासून विचारपूस करतात. मला त्यात वावगं वाटत नाही. पण त्या भवनाला बहुधा कब्रस्तान नसतं. मग घरात कुणी गेलं की पहाटे फोन जुन्या पंचांना येतो. अशा वेळी पंच म्हणतात, "आता आठवलो का?" किंवा वर्गणीची थकबाकी काढतात.

पंचांनो, हात जोडून सांगतो, हे करू नका. मयताच्या घरी हिशोब काढू नका. आधी माती द्या. खड्डा खणायला माणसं पाठवा, चहा पाठवा. वर्गणीचं बोलणं चाळिसाव्या दिवसानंतर होईल. आणि तुम्ही नव्या ठिकाणी गेला असाल, तर जुन्या मंडळीशी नातं तोडून जाऊ नका. नाताळला, इस्टरला जात राहा. कब्रस्तानाच्या साफसफाईला कुदळ घेऊन जा.

एका घरात आता तीन-तीन मंडळ्या असतात. वडील जुन्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, म्हणजे सीएनआयचे. सून वसईकडची, कॅथलिक, तिला रविवारची मिस्सा हवी. धाकटा पेंटेकॉस्टल संगतीत जातो, हात वर करून गातो. रविवारी दुपारी सगळे एका ताटाभोवती येतात आणि मटणाचा पहिला घास घ्यायच्या आत बाप्तिस्म्यावर येतात. बाळपणीचा खरा की मोठेपणी पाण्यात बुडवून घेतलेला खरा?

हा प्रश्न तुमच्या जेवणाच्या वेळात सुटणार नाही. उत्तर भारतातल्या सहा मंडळ्यांची एक मंडळी करायची बोलणी १९२९ ला सुरू झाली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं २९ नोव्हेंबर १९७० ला, आपल्या नागपुरात. मधे एक्केचाळीस वर्षं गेली. त्यात बाळांचा बाप्तिस्मा करणारे होते, तसे बाप्टिस्ट आणि ब्रदरनही होते. शेवटी त्यांनी काय केलं? दोन्ही रीती ठेवल्या. एकाने दुसऱ्याला खोटं ठरवलं नाही. ज्या मेथडिस्ट मंडळीचा अमेरिकेशी संबंध होता, ती अगदी शेवटच्या घडीला बाहेर राहिली. तरीही आज मेथडिस्ट मुलीचं लग्न सीएनआयच्या मुलाशी होतंच. तेव्हा ताटावर बसलात की प्रार्थना करा आणि जेवा. बाळाच्या आजीला बाळ मांडीवर घेऊ द्या. वाद घालायचाच असेल तर भांडी घासताना घाला, निदान काम तरी होईल.

एकमेकांची पुस्तकं घरात ठेवा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल माझ्या जुन्या शास्त्राशेजारी आहे. एखादं वचन अडलं की दोन्ही उघडतो. नारायण वामन टिळकांची भजनं गाताना कुणी विचारतं का, हे कुठल्या मिशनचे? ते तर १९१७ मध्ये मिशनमधून बाहेर पडले आणि बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या सगळ्याच ख्रिस्तभक्तांसाठी त्यांनी देवाचा दरबार मांडला.

आता एक जुनं दुखणं. सोयरिक. आपण सगळे एका प्याल्यातून पितो, पण मुलगी द्यायची वेळ आली की आजोबा मुळात कोण होते, ते हळूच विचारतो. कुठल्या वाड्यातले, कुठल्या गावचे. तुम्ही म्हणाल, आता कुठे राहिलंय? राहिलंय. पत्रिका वाटताना बघा. लक्ष्मीबाई टिळकांनी स्मृतिचित्रांत आपलं सोवळं किती चिवट होतं आणि ते मनातून कसं गेलं, हे न लाजता लिहून ठेवलं आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या बाईला जमलं. तुमच्या घरी स्थळ आलं की मुलगा काय करतो, पितो का, आईशी कसा वागतो, एवढंच विचारा. चौथा प्रश्न गिळा.

या सगळ्यात बायकांचं काम मी वेगळं बघतो. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन असतो. त्या दिवशी सगळ्या मंडळ्यांच्या बायका एका ठिकाणी जमतात. कुणाच्या डोक्यावर पदर, कुणाच्या हातात रोझरी, कुणाच्या हातात टाळ. त्यांची सभा वेळेवर सुरू होते आणि कुणी कुठे बसायचं यावर भांडण होत नाही. पुरुषांच्या संयुक्त सभेत पहिला अर्धा तास हारतुऱ्यांत जातो. उगीच बोलत नाही, मी दोन्ही सभांच्या सतरंज्या घातल्या आहेत.

अर्थात बायकांतही रुसवे असतात. फिलिप्पैच्या मंडळीत युवदिया आणि सुंतुखे यांचं बिनसलं होतं. दोघी पौलाबरोबर खपलेल्या. कशावरून बिनसलं, ते पौलाने लिहिलं नाही. दोघींना वेगवेगळी विनंती केली आणि तिथल्या एका सोबत्याला म्हटलं, यांना मदत कर. तुमच्या मंडळीत असा कुणी सोबती आहे का, ज्याच्याकडे दोन्ही बाजू चहा पितात? त्याला जपा. त्याला कुठल्याच गटात ओढू नका, पंच म्हणून उभंही करू नका.

काही वेळा नाहीच जमत. पौल आणि बर्णबा यांचंही जमलं नाही. मार्कला बरोबर न्यायचं की नाही, यावरून दोन वाटा झाल्या. पण म्हातारपणी तुरुंगातून पौलाने त्याच मार्कला बोलावून घेतलं, तो कामाचा आहे म्हणून. तेव्हा मंडळी सोडायचीच झाली, तर सोडा. पण किल्ल्या परत करा. वर्गणी चुकती करा. पाळकसाहेबांना भेटून सलाम करून निघा. परत यायच्या वाटेवर काटे टाकू नका.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मावशीच्या दारी गेलो. ओट्यावरची लाईट तेव्हाही चालू होती. मी काय बोललो ते नीट आठवत नाही, फार काही नव्हतं. मुलगा आतल्या खोलीतून बाहेर आला नाही. मावशीने चहा दिला. निघताना उरलेल्या करंज्या स्टीलच्या डब्यात भरल्या आणि म्हणाली, "डबा आठवणीनं परत आण."

डबा कधी रिकामा परत करत नाहीत. बायकोने त्यात शेंगदाण्याची चटणी भरली. मावशीकडून तो लिंबाचं लोणचं घेऊन आला. मग तिळाच्या वड्या गेल्या. पुढे मावशी गेली, तिच्या मातीला मी होतो. मुलगा अजूनही माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलतो. डबा मात्र त्याची बायको पाठवते. झाकणावर पोचा पडलाय, घट्ट बसत नाही. सध्या तो आमच्याकडे आहे. शनिवारी पुरणपोळ्या झाल्या की द्यायला जायचंय.